रेघेपर्यंत थुंकी

माझा दोष एवढाच की मी थुंकलो. तेही सांगितलं म्हणून थुंकलो, सांगितलं तिथे थुंकलो आणि बरोबर रेघेपर्यंत थुंकलो. त्यातून एका घरातले पणजोबा गेले, एका दुकानाची पाटी उतरली आणि सासूबाईंनी आपल्या स्वर्गवासी सासूशी अबोला धरला. यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. मनात असतं तर मला ते जमलंही नसतं, असं बायको म्हणते.

माझ्या सासऱ्यांचं कुलपांचं दुकान आहे. कुलपं विकायची, दुरुस्त करायची, आणि किल्ली हरवलेल्या माणसाला आधी चार शब्द सुनावायचे, मग किल्ली करून द्यायची, असा हा चार पिढ्यांचा धंदा. सासऱ्यांना दोन मुली, मुलगा नाही. थोरली माझी बायको. लग्न झालं तेव्हा मी एका कचेरीत आलेल्या टपालावर शिक्के मारत होतो. सासरे म्हणाले, "थोडे दिवस दुकानात येऊन बसा." ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. पुढे व्यवहाराला बरं पडावं म्हणून कागदोपत्री आडनावही त्यांचंच लावलं. आता गिऱ्हाईकं मला त्याच आडनावाने हाक मारतात, आणि माझं मूळचं आडनाव कुणी विचारलं तर मला जरा आठवावं लागतं.

पहिल्या वर्षी सासरे मला 'जावईबापू, आपण' असं म्हणत. मग 'अहो' झालं, मग 'अरे' झालं, आणि आता तर नुसतं 'ए, ती कानस दे'. बाहेरच्याला हा अपमान वाटेल. घरजावयाला विचारा, ही बढती असते.

एकच बढती राहिली होती. आमच्या दुकानात केलेल्या प्रत्येक किल्लीवर आडनावाचा ठसा मारतात. बोटभर लांबीचा पोलादी ठसा आहे, पणजोबांच्या हातचा. किल्ली ऐरणीवर ठेवायची, ठसा धरायचा आणि हातोडीचा एकच घाव घालायचा. कोरी किल्ली व्हाइसमध्ये धरून दाते घासायचं काम माझं, ठसा मारायचं सासऱ्यांचं. तो कायम त्यांच्या वरच्या खिशात, चष्म्याशेजारी असतो. "वेळ आली की देईन," असं ते म्हणायचे. वेळ येत नव्हती. मी घासलेल्या किल्ल्यांनी अर्ध्या गावाची दारं उघडतात, पण एकीवरही माझा घाव नाही, हे मला लागायचं. कुणाला बोललो नाही, पण लागायचं.

आमच्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की, दुसरं कुलपांचं दुकान आहे. त्या पाटीवरही आमचंच आडनाव. (ते इथे सांगत नाही. दोन्ही दुकानं चालू आहेत आणि दोन्हीकडच्यांना वाचता येतं.) आमच्या पाटीखाली 'आमची कुठेही शाखा नाही' असं लिहिलंय. त्यांच्याही पाटीखाली तेच. त्यांचं आडनाव घेतलं तर ते आपलंच घेतल्यासारखं होतं, म्हणून आमच्या घरात त्यांना 'समोरचे' म्हणतात. ते आम्हाला काय म्हणतात हे वेगळं सांगायला नको.

दोन्ही दुकानांत गल्ल्याच्या वर एकाच माणसाचा फोटो आहे. हेच ते पणजोबा. त्यांनी म्हणे सरकारी खजिन्याचं असं कुलूप केलं होतं की एकाही चोराला ते उघडता आलं नाही. (पुढे किल्ली हरवली तेव्हा ते पणजोबांनाही उघडता आलं नाही आणि शेवटी दार कापावं लागलं. हा भाग घरात हळू आवाजात सांगतात.) आमच्या फोटोत पणजोबा डावीकडे बघतात, त्यांच्या फोटोत उजवीकडे. कोटाची बटणंही उलट्या बाजूला आहेत. आमचं म्हणणं, त्यांनी आमच्या फोटोची चोरून नक्कल केली आणि तीही उलटी छापून घेतली. त्यांचंही म्हणणं तेच.

हे सगळं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. एका सकाळी सासरे दुकानाचं शटर उचलायला वाकले आणि अर्ध्यावर तसेच राहिले. मला वाटलं कंबर धरली. पण ते समोर बघत होते. समोरच्यांनी पाटी नव्याने रंगवून घेतली होती आणि आडनावाच्या आधी दोन शब्द वाढवले होते: 'मूळ दुकान'.

त्या दिवसापासून सासऱ्यांचं जेवण तुटलं. दोन घास खाऊन उठायचे. सासूबाई म्हणाल्या, "अहो, पाटीच आहे ती. रंग उडाला की जाईल." सासरे म्हणाले, "रंग उडायच्या आधी मी जाईन. आणि मागे लोक म्हणतील, हे नावाचे चोर होते." हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला त्या क्षणी त्यांच्यासाठी काहीही करावंसं वाटलं. मला असं काही करावंसं वाटलं की घरच्यांनी सावध व्हायला हवं, पण सावध करणारी माझी बायको धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती.

त्याच दुपारी मोबाइलवर जाहिरात दिसली: 'तुमच्या आडनावाचं मूळ शोधा.' एक कंपनी घरपोच काचेची नळी पाठवते, घरातल्या पुरुषाने तीत थुंकायचं, नळी परत पाठवायची. बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे एक खूण म्हणे जशीच्या तशी उतरते, ती ते तपासतात. बायकांकडे ती खूण नसते. मी हे सासऱ्यांना समजावून सांगायला चांगला अर्धा तास राखून ठेवला होता. त्यांना एका मिनिटात कळलं.

"म्हणजे ठसाच की," ते म्हणाले. "बाप पोरावर मारतो."

आता नुसते आम्ही आणि समोरचे तपासून उपयोग नव्हता. जुळलं नाही तर खोटा कोण, हे कसं ठरणार? पण परगावी एक निवृत्त मास्तर होते, पणजोबांचे सख्खे नातू, दोन्ही घरांना मान्य. खरं घराणं कोणतं, असं मी त्यांना पूर्वी एकदा विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "मला माहीत नाही. पण दोघेही भांडकुदळ आहात, म्हणजे दोघेही आमचेच असणार." ते शास्त्रीय उत्तर नसल्यामुळे आम्ही मनावर घेतलं नव्हतं. यापुढे कुणी फोन करायचा नाही, या अटीवर मास्तर थुंकायला तयार झाले.

समोरच्यांशी बोलणी मीच केली. दोन्ही दुकानांचे म्हातारे मालक आपापल्या पायरीवर उभे आणि मी रस्त्याच्या मधोमध, निरोप पोचवत. एका सायकलवाल्याने मला जाताना शिव्या दिल्या आणि येतानाही दिल्या.

"त्यांना सांग, जो खोटा ठरेल त्याने पाटी आणि फोटो उतरवायचा," सासरे म्हणाले.

"त्यांना सांग, शिडी आमच्याकडून घेऊन जा म्हणावं," समोरचे म्हणाले.

नळ्या आल्या. नळीवर एक रेघ होती आणि सोबत सूचना होत्या. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. इथेच पहिली अडचण आली. सासऱ्यांना चहाशिवाय अर्धा तास काढता येत नाही. पहिल्या दिवशी विसाव्या मिनिटाला त्यांनी सवयीने कप तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी कसाबसा अर्धा तास निघाला, पण रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्यांचं तोंड आधीच कोरडं, त्यात चहा नाही. पाऊण तास ते नळी तोंडाशी धरून बसले. नळीत जे जमलं ते बघायला मला दुकानातलं भिंग आणावं लागलं.

"काय म्हणतात सूचना? मीच थुंकायला पाहिजे असं आहे का?" सासऱ्यांनी विचारलं.

मी वाचलं, "नमुना आडनाव चालवणाऱ्या पुरुषाचाच असावा."

"मग हाच चालवतो की," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पाटीपासून पावतीपर्यंत सगळं हाच चालवतो. तुम्ही नुसते रागावता."

सासऱ्यांनी माझ्याकडे नळी सरकवली. "ए, तू थुंक. घरातला पुरुष तूच."

खोटं कशाला सांगू, माझा कंठ दाटून आला. (त्यामुळे थुंकायला थोडा वेळ लागला.) आम्ही तिघं तिथे होतो, तिघंही शुद्धीवर होतो आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. मी रेघेपर्यंत थुंकलो, झाकण लावलं, नळी उजेडात धरून सासऱ्यांना दाखवली. "घराण्याचा माल आहे," ते समाधानाने म्हणाले.

निकाल ई-मेलने आला. मी तो दुकानात, गल्ल्यापाशी उभा राहून मोठ्याने वाचला, कारण समोर ऐकू जावा अशी माझी इच्छा होती.

"नमुना क्रमांक एक आणि नमुना क्रमांक तीन, एकच पितृवंश. नमुना क्रमांक दोन, संबंध नाही."

"दोन म्हणजे कोण?" सासऱ्यांनी विचारलं.

"आपण."

त्यांनी मला परत वाचायला लावलं. मी या वेळी हळू वाचलं, पण तोवर समोर ऐकू गेलेलं होतं. स्टुलावर चढून सासऱ्यांनी स्वतः पणजोबांचा फोटो उतरवला, बाहीने काच पुसली आणि माझ्या हातात दिला. "त्यांना देऊन ये. त्यांचा आहे." मग खिशातला ठसा काढून, कुणाच्या कुठल्या हे माहीत नसलेल्या जुन्या किल्ल्या ज्या खणात पडलेल्या असतात, त्या खणात टाकला. संध्याकाळी पाटी उतरली. शिडी समोरच्यांनी खरंच पाठवली.

घरात सुतकाची कळा आली. चूक कुठल्या पिढीत झाली, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नव्हतं, पण सासूबाईंनी आपल्या सासूचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. "जन्मभर मला ऐकवलं, कुठल्या घराण्यात आली आहेस याचं भान ठेव म्हणून," त्या म्हणाल्या. "आता मीच विचारते, कुठल्या?" सासरे दुकानात जायचे, पण किल्ली तयार झाली की ठशासाठी हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. मला ते बघवत नव्हतं. मी त्यांना समजावलं, "बाबा, आडनाव काही रक्ताने येत नाही, हातातल्या कामाने येतं." बोलताना मलाच भडभडून आलं. इतक्या वर्षांत मला पणजोबांची सवय झाली होती. आपण कोण, कुठले, असे विचार माझ्या मनात यायला लागले. शेवटी सासऱ्यांनीच माझी समजूत घातली.

अशा वातावरणात बायको परत आली. दारात बॅग ठेवली, भिंतीकडे तोंड केलेल्या आजीकडे पाहिलं, आमच्या तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोण गेलं?"

"पणजोबा," मी म्हणालो.

तिला सगळं सांगितलं. नळी, रेघ, मास्तर, निकाल, शिडी. ती गणिताची शिक्षिका आहे. मुलाने उत्तर चुकवलं की ती त्याला न रागावता पहिल्या पायरीपासून विचारत येते.

"थुंकलं कोण?"

"मी," मी म्हणालो. "बाबांचं तोंड कोरडं होतं."

"बाबा, हे तुमचे कोण?"

"हा?" सासरे म्हणाले. "हा आपला..." आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मीही त्यांना मदत करायचा प्रयत्न केला, पण मलाही पटकन आठवेना.

"जावई," सासूबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसल्या. "अगं बाई, हा जावई आहे."

पुढे जे हसणं उसळलं ते बराच वेळ थांबलं नाही. सासरे तर डोळे पुसत हसत होते. सासूबाईंनी हसता हसताच उठून सासूचा फोटो सरळ केला आणि तिच्यापुढे हात जोडले. हसणं ओसरल्यावर तिघांनी माझ्याकडे पाहिलं. तसं या घरात मला एकदाच पाहिलं गेलं होतं, मुलगी बघायला आलो होतो तेव्हा.

"बसा ना, जावईबापू," सासरे म्हणाले. "उभे का?"

माझे वाईट दिवस तिथून सुरू झाले. कुणी मुद्दाम काही केलं नाही, उलट सगळे फार चांगलं वागायला लागले. जेवताना पहिलं ताट मला. अंघोळीला नवा टॉवेल. दुकानात मी कानस उचलली की सासरे म्हणत, "राहू द्या, आपण कशाला त्रास घेता?" मी खुर्चीवर बसून राहायचो. गिऱ्हाईकाने "हे आज काम करत नाहीत का?" असं विचारलं तर सासरे म्हणायचे, "आमचे जावई आहेत," जणू मी कालच्या गाडीने आलो होतो. इतक्या वर्षांची बढती एका थुंकीत गेली. त्यात कंपनीचा आणखी एक ई-मेल आला की माझ्या नमुन्याशी जुळणारा एकही माणूस त्यांच्या यादीत नाही. जगात आपलं कुणी नाही हे रडत बसून कळणं वेगळं आणि कंपनीने कळवणं वेगळं.

इकडे समोरच्यांनी फोटो परत द्यायला नकार दिला. "निकाल तो निकाल," ते म्हणाले. "जावई तुमचा, थुंकी तुमची." त्यामुळे दुसरी नळी मागवावी लागली, आणि या वेळी सासऱ्यांना पर्याय नव्हता. बायकोने मोहीम हाती घेतली. चहाचं भांडं शेजारी नेऊन ठेवलं, डॉक्टरांना विचारून सकाळची गोळी दुपारवर ढकलली, आणि सासऱ्यांना दुकानाच्या पायरीवर नळी देऊन बसवून त्यांच्यासमोर लिंबं कापायला घेतली. एक लिंबू, दोन लिंबं. सासूबाई समोर बसून फोडी चोखत होत्या आणि तोंडं वेडीवाकडी करत होत्या. रस्त्यापलीकडे समोरचे आपल्या पायरीवर बसून हे सगळं बघत होते, आणि मध्येच त्यांनी आवंढा गिळलेला मी स्पष्ट पाहिला. शेवटी नळी रेघेपर्यंत भरली. मी नळीला हात लावला नाही. मला लावू दिला नाही.

निकाल या वेळी बायकोने वाचला, आणि मनातल्या मनात. मग ती उठली, रस्ता ओलांडून समोर गेली, त्यांना बोलावून आणलं, आणि दोघांना शेजारी बसवून सांगितलं, "तिघंही एकच. मास्तर, तुम्ही आणि तुम्ही."

दोन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आयुष्यभर ज्याला चोर म्हटलं तो भाऊबंद निघाला, आणि आनंद व्हायला हवा हे दोघांनाही कळत होतं. बराच वेळ ते गुडघ्यांवर हात ठेवून, सारखेच वाकून, सारखेच खाकरत बसले होते. समोरच्यांनी फोटो आणला. सासऱ्यांनी चहा मागवला. दोघांनी बशीत ओतून, सारखीच फुंकर मारून प्यायला. मास्तरांना कळवायला हवं होतं, पण त्यांना फोन करायचा नव्हता.

मग आमची पाटी परत चढवली आणि ती रंगवणाऱ्याला बोलावलं. तो शिडीवर चढून म्हणाला, "ही 'आमची कुठेही शाखा नाही'ची ओळ आता कशी ठेवायची? समोरच आहे की शाखा."

"शाखा ते," सासरे म्हणाले.

"शाखा हे," समोरचे म्हणाले. "थोरली पाती आमची."

त्या संध्याकाळी सासरे पोटभर जेवले. पण भांडणात आता रक्ताचं नातं आलं होतं, आणि त्याचा पहिला फटका मलाच बसायचा होता. दुसऱ्या दिवशी समोरचे आपल्या मुलाला घेऊन आले. चांगला उंचापुरा माणूस, हात कामाचे. आमच्या दुकानात येऊन त्याने पहिल्यांदा ऐरणीकडेच पाहिलं.

"घराणं एक, ठसा एक," समोरचे सासऱ्यांना म्हणाले. "तुला मुलगा नाही. तुझ्यामागे ठसा माझ्या पोराकडे यायला हवा. रक्ताचा आहे."

"खरं आहे," सासरे म्हणाले.

"जावईबापूंचं म्हणशील तर ते काय, परघरचे."

"तेही खरं आहे," सासरे म्हणाले. "बघतो मी."

ते दोघे गेले. मी खुर्चीवर बसलो होतो, मांडीवर हात ठेवून, पाहुण्यासारखा. दुकानात कानसेचा कीस पडलेला होता आणि तो झाडायचीही मला सोय नव्हती. ठसा माझ्या हाती येणार नाही, हे आता पक्कं झालं होतं. मला त्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त दुःख 'जावईबापू'चं झालं. मी मनाशी म्हटलं, जुन्या कचेरीत अजून कुणी शिक्के मारायला हवंय का, चौकशी करावी.

सासरे बराच वेळ जुन्या किल्ल्यांच्या खणात काहीतरी खडखडवत होते.

"ए," ते म्हणाले.

मी आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"ए, तुलाच म्हणतोय. हे धर." त्यांनी ठसा माझ्या तळहातावर ठेवला. "आजपासून तू मारायचास."

"पण बाबा, समोरच्यांचा मुलगा... तो रक्ताचा आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच," सासरे म्हणाले. "आज ठसा दिला तर उद्या गल्ला मागेल, परवा दुकान. रक्ताच्या माणसाला हक्क असतो. तुझं काय आहे? तुझा कशावरच हक्क नाही. तुझ्यासारखा भरवशाचा माणूस मला कुठे मिळणार?"

इतकं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं. मी उठलो. व्हाइसमधली नवीन किल्ली काढली, ऐरणीवर ठेवली, ठसा धरला, हातोडी उचलली. सासरे शेजारी उभे होते, बायको मागच्या दारात येऊन थांबली होती. मी डोळे मिटले आणि एकच घाव घातला.

सासऱ्यांनी किल्ली उचलून उजेडात धरली. आडनाव स्वच्छ उमटलं होतं, पण खाली डोकं वर पाय.

त्यांनी किल्ली इकडून बघितली, तिकडून बघितली, बाहीने पुसली आणि गिऱ्हाईकाच्या पाकिटात टाकली.

"असू दे," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर समोरच्यांची आहे म्हणून सांग."